पत्रक कोणाला उद्देशून?

शाळेच्या पेपरात ‘लेखकाचा हेतू स्पष्ट करा’ असं आलं की मुलं डोळे मिटून लिहितात, ‘समाजप्रबोधन करणे हा लेखकाचा हेतू आहे.’ गुणही मिळतात. हे उत्तर लोकहितवादींना चालतं, बाबासाहेबांना चालतं, अत्र्यांना चालतं. उद्या कोणी चाळीच्या पुनर्विकासाची रंगीत पुस्तिका धड्याला लावली तर तिलाही चालेल. बारावीच्या मराठीत माहितीपत्रक कसं लिहावं हे शिकवतात. दुसऱ्याने लिहिलेलं माहितीपत्रक आपल्याकडून काय काढून घेऊ पाहतंय, हे ओळखण्याचा तास मात्र वेळापत्रकात नाही.

या विद्येची खरी गरज ज्या वस्तीला पडली ती गिरगाव, परळ, लालबाग, दादरची. मन वळवणारं मराठी गद्य इथे पावणेदोनशे वर्षं अखंड लिहिलं गेलं आहे: नियतकालिकं, सरकारदरबारचे अर्ज, अग्रलेख, संपाची हस्तपत्रकं, नाक्यावरचे फळे. पुण्याच्या निबंधाला सवड असलेला वाचक मिळाला. मुंबईच्या पत्रकाला मिळाला तो गिरणीचा भोंगा व्हायच्या आत वाचून मोकळा होणारा, किंवा दुसऱ्याकडून वाचून घेणारा. हे सगळं लेखन एकत्र पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. लेखकाने पहिल्या अंकात आपला हेतू काय सांगितला त्यावरून फारसं काही कळत नाही. त्याने समोर वाचक कोण धरला आहे, हे शोधलं की कळतं. आणि तो वाचक मायन्यात लिहिलेला असतोच असं नाही.

हत्यारं आधी पाहू. महाविद्यालयांत हा विषय निघाला की ॲरिस्टॉटल येतो: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद, या तीन वाटांनी मन वळवलं जातं. विभागणी सोयीची आहे, पण ती एकदा हाती लागली की विद्यार्थी प्रत्येक वाक्यावर तीनांपैकी एक शिक्का मारत सुटतात आणि लेख कशासाठी लिहिला हे राहूनच जातं. आपल्याकडे यापेक्षा धारदार साधन पडून आहे. ग्रंथाचं तात्पर्य ठरवण्यासाठी मीमांसकांनी सहा खुणा सांगितल्या: आरंभ आणि शेवट यांचा मेळ, पुन्हा पुन्हा काय सांगितलं, नवं काय सांगितलं, त्यातून फळ काय निघालं, अर्थवाद कोणता आणि उपपत्ती, म्हणजे युक्तीचा आधार, कोणती. १९१५ साली छापलेल्या ‘गीतारहस्या’च्या पहिल्याच प्रकरणात टिळकांनी ही कसोटी गीतेला लावली. सुरुवातीला अर्जुन लढायला तयार नाही, शेवटी तो लढतो. मग अठरा अध्यायांचं तात्पर्य संन्यास कसं असेल, असा त्यांचा रोख. मंडालेच्या तुरुंगातून आलेला हा ग्रंथ स्वतःही वाचकाला कर्माकडे वळवण्यासाठीच लिहिलेला आहे, हे याच कसोटीने दिसतं. टिळकांची त्याला हरकत नसती.

सहांपैकी अर्थवाद आपल्या कामाचा सर्वांत जास्त. यज्ञ करा, हा विधी. यज्ञ करणाऱ्याला काय काय वैभव मिळतं याचं रसभरीत वर्णन, तो अर्थवाद. स्तुती किंवा निंदा करून मन तयार करायचं, पण तिला स्वतंत्र आज्ञा समजायचं नाही. त्याच्या जोडीला न्यायशास्त्रातले चर्चेचे तीन प्रकार घ्यावेत: सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि आपली बाजूच न मांडता समोरच्याची मोडायची ती वितंडा. एवढी शिदोरी पुरे.

गिरगावच्या बाजूने सुरुवात केली तर पहिला मुक्काम भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’चा. १८४१ साली निघालेल्या या पत्रात १८४८ ते १८५० या काळात ‘शतपत्रं’ आली. नाव शतपत्रं, भरली एकशे आठ. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकर. सही ‘लोकहितवादी’. या सहीतच अर्धं मन वळवणं आटोपलेलं आहे, कारण टीका करणारा कोणाचा शत्रू म्हणून येत नाही, हितचिंतक म्हणून येतो. पत्रं ज्यांच्यावर तुटून पडतात ते ब्राह्मण, आणि वाचणारेही बहुतांशी तेच. घरच्याच माणसाने घरच्यांना सुनवायचं, हा मराठी सुधारकी गद्याचा पहिला साचा. पुढच्या अनेकांनी तो गिरवला, तेवढ्या धाडसाने नाही.

१८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात आठवड्यामागून आठवडे जाहीर वाद चालले. मिशनऱ्यांकडून जॉर्ज बोवेन यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, विष्णुबावांचा मराठी ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ १८७२ साली. एकाच वादाची दोन इतिवृत्तं. वाळूवर जे झालं तो वाद होता की जल्प, हे आता ठरवता येणार नाही. पुस्तकं दोन्ही जल्पाची आहेत, आपल्या माणसांना धीर देण्यासाठी लिहिलेली. समोरच्याला उद्देशून बोलायचं आणि ऐकवायचं मागे उभ्या असलेल्यांना, ही मुंबईच्या सभांची पद्धत तेव्हापासूनची म्हणावी लागेल.

परळला आलं की लेखनाचा बाज बदलतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून ‘दीनबंधू’ मुंबईतून चालवलं. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेला हा माणूस; कापसाची धूळ त्याने लांबून पाहिली नव्हती. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या पाच: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन, कायमचा जायबंदी झाल्यास पोटापाण्याची सोय.

मराठी मुलखातला हा अर्ज मन वळवण्याच्या कलेचा मोठा नमुना आहे, असं माझं मत. त्यात अलंकार नाहीत म्हणून तो या दृष्टीने कोणी वाचत नाही. पहिली गोष्ट, यादीत पगारवाढ नाही. मालकाच्या खिशाला सरळ हात घालणारी मागणी बाहेर ठेवली की ‘हे पैशासाठी चाललंय’ म्हणण्याची सोय उरत नाही. दुसरी, प्रत्येक मागणी आपल्या पोटात एक हकिकत घेऊन येते. पंधरा तारखेच्या आत पगार द्या, असं मागणाऱ्याला तो आज कधी मिळतो हे वेगळं सांगावं लागत नाही. सूर्यास्ताला थांबवा म्हटलं की दिवे लावून काम चालतं का, असा प्रश्न वाचणाऱ्या साहेबाच्याच मनात उभा राहतो. तक्रारीचा एक शब्द न वापरता तक्रार पोचते. तिसरी, सूर्यास्त. घड्याळ गिरणीमालकाच्या ताब्यात होतं, सूर्य नव्हता.

अर्जाचा मायना सरकारने नेमलेल्या कमिशनकडे तोंड करून आहे. पण साडेपाच हजार सह्या गोळा करायच्या म्हणजे तो मजकूर आधी साडेपाच हजार कानांवर घालावा लागतो. रोज अंगावर येणारं जिणं पाच मुद्द्यांत मांडता येतं, हे कामगारांना त्या सभांमध्ये कळलं. मुंबईतली कामगारांची पहिली संघटना म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन याच वर्षातली. रविवारची सुट्टी मिळायला १८९० चा जून उजाडला. त्याआधी एप्रिलमध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली आणि दोन कामगार स्त्रियाही तिच्यात बोलल्या. रविवार हा खंडोबाचा वार आहे, हा मुद्दा लोखंडे यांनी मांडल्याचं सांगतात. साहेबाला चर्चचा रविवार कळतो, कामगाराला जेजुरीचा, दिवस तोच. दोन वाचकांना एकाच वाक्यात धरायचं असेल तर ते असं.

त्याच परळमध्ये, पोयबावडीच्या हरारवाला बिल्डिंगमधून, ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, म्हणजे सरकारी नोकरीत. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं. पाक्षिक निघत असल्याची जाहिरात ‘केसरी’ने पैसे घेऊनही छापायला नकार दिला, हे पुढे नोंदलं गेलं. ॲरिस्टॉटलची पहिली वाट म्हणजे बोलणाऱ्याची पत. इथे लेखकाचं नाव झाकलेलं आणि ज्यांच्या बाजूने बोलायचं त्यांना बाजारात पत नाकारलेली. मग ती उभी कशी केली?

शीर्षस्थानी तुकोबांचा अभंग ठेवला. हा नुसता भक्तिभाव नाही. जो संत वरच्या आळीत पूजला जातो त्याचीच साक्ष काढली. पहिल्या अंकातल्या ‘मनोगता’त हिंदू समाज हा जिना नसलेला अनेक मजली मनोरा आहे असा दाखला येतो: ज्या मजल्यावर जन्म त्याच मजल्यावर मरण, खालचा लायक वर जाऊ शकत नाही आणि वरच्या नालायकाला खाली ढकलता येत नाही. दाखला बहुतेकांना ठाऊक असतो. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. ‘दीनमित्र’, ‘जागरूक’, ‘विजयी मराठा’, ‘ज्ञानप्रकाश’ अशा पत्रांनी अस्पृश्यांच्या प्रश्नांना थोडीफार जागा दिली याची कबुली तिथे नावानिशी आहे. कोणाचं ऋण बुडवलेलं नाही, आणि त्यामुळेच ‘ही जागा पुरत नाही’ हे पुढचं म्हणणं टाळता येत नाही. मग बोटीचा दाखला: सहप्रवाशाचं नुकसान करायला बोटीला भोक पाडणारा स्वतःही बुडतो, तशीच एका जातीचं अहित करणारी पत्रं अखेर आपल्याच जातीचं अहित करतात.

बोटीतला भोक पाडणारा म्हणजे कोण? अर्थात वरच्या मजल्यावरचा वाचक, आणि त्याची पत्रं. ‘मूकनायक’ हे नाव मुक्यांचं असलं तरी या मजकुराचा एक कान सरळ त्या वाचकाकडे आहे. त्याच्याकडे करुणा मागितलेली नाही. त्याचा स्वार्थ त्याला समजावून दिला आहे. अत्याचाराचं वर्णन करून डोळ्यात पाणी आणणं सोपं होतं. पहिल्या अंकात तो रस्ता दुय्यम ठेवला, हा लेखकाचा निर्णय आहे. गंगाधर पानतावणे यांनी ‘पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या पुस्तकात या लेखनाच्या अभ्यासाचा पाया घातला, आणि १९९० साली ‘मूकनायक’ व ‘बहिष्कृत भारत’चे अंक शासनाने ग्रंथरूपात आणले, तेव्हा साधनं नाहीत ही सबब आता चालायची नाही.

१९३६ साली दादरच्या ‘राजगृहा’त राहणाऱ्या बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ स्वखर्चाने छापलं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं हे भाषण मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे झालंच नाही. पुस्तकाच्या आरंभी मंडळाशी झालेला पत्रव्यवहार जसाच्या तसा आहे. ज्या श्रोत्यांसाठी लिहिलं त्यांनी ऐकायचं नाकारलं, हाच पुस्तकाचा पहिला पुरावा झाला. दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची टीका आणि तिला उत्तरही जोडलं. प्रतिपक्षाचा मजकूर आपल्या पुस्तकात छापणं हे वादाचं लक्षण. जल्प करणारा तेवढी जागा देत नाही.

दादरचं बाकीचं गद्य इतकं संयमी नाही, आणि त्याने व्हावंही का? प्रबोधनकार ठाकरे यांनी १९२१ साली ‘प्रबोधन’ काढलं. त्याआधीच इतिहासकार राजवाड्यांना उत्तर म्हणून ‘कोदंडाचा टणत्कार’ आला होता, आणि त्या शीर्षकातच आवाज आहे. प्रबोधनकार वाचकाला बरोबरीने वागवत नाहीत, गदागदा हलवतात. अत्र्यांचा ‘मराठा’ १५ नोव्हेंबर १९५६ रोजी सुरू झाला तो संयुक्त महाराष्ट्रासाठी, उघडपणे. त्यात हेतू शोधायचा नव्हताच, मथळ्यातच असायचा. दहा हजार वर्षांच्या हिशेबात बोलणारा अत्र्यांचा अर्थवाद लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही अतिशयोक्ती म्हणून ठाऊक होता, आणि जिथे दोघांनाही ठाऊक आहे तिथे फसवणूक नाही, मजा आहे. मोरारजींवरच्या अग्रलेखांना मात्र वितंडेचा जोर आहे. गिरगावात खाडिलकर रोडवरच्या ‘नवाकाळ’मध्ये नीलकंठ खाडिलकरांनी लहान लहान वाक्यांचा अग्रलेख रुजवला. मोठ्याने वाचून दाखवता येईल असा. कामगारवस्तीत त्याला वाचकांइतकेच श्रोते होते.

आता ‘मार्मिक’. १३ ऑगस्ट १९६० रोजी दादरच्या बालमोहन विद्यामंदिरात यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते या व्यंगचित्र साप्ताहिकाचं प्रकाशन झालं. १९६५ च्या सुमारास त्यात ‘वाचा आणि थंड बसा’ हे सदर येऊ लागलं. मजकूर काय? मुंबईतल्या कचेऱ्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या, बहुतेक अमराठी, त्यातही दाक्षिणात्य. ना विशेषण, ना भाष्य. टेलिफोन डिरेक्टरी कामाला आली.

तंत्र म्हणून हे विलक्षण आहे. युक्तिवादाचा निष्कर्ष छापलेलाच नाही. नोकरीसाठी चपला झिजवणाऱ्या पोराच्या घरी तो वाचणारा स्वतः काढतो, आणि स्वतः काढलेल्या निष्कर्षावर माणूस संशय घेत नाही. मथळा ‘थंड बसा’ म्हणतो, म्हणजे बसू नका. पुढे मथळा ‘वाचा आणि उठा’ झाला तेव्हा तो सरळ झाला, पण माझ्या मते त्यातलं विष आणि गंमत दोन्ही कमी झाली. यादी हा पुरावा वाटतो, कारण त्यातलं प्रत्येक नाव खरं असतं. पण यादीत छेद नसतो. जागा किती, अर्ज किती आले, कारकुनीत मराठी किती, कोणतं शिक्षण लागत होतं, हे काहीच नाही. मराठी तरुणांची तक्रार खोटी होती असं नव्हे. राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि आपल्या राजधानीत आपण कुठे आहोत हा प्रश्न रास्तच होता. त्या प्रश्नाचं उत्तर याद्यांतून मिळण्यासारखं नव्हतं, फक्त राग मिळण्यासारखा होता. १९ जून १९६६ ला ‘मार्मिक’च्याच मंडळींनी शिवसेना स्थापन केली. त्यानंतरच्या वर्षांत दगड पडले ते उडुपी हॉटेलांवर, कचेऱ्यांच्या भरती विभागांवर नव्हे. फळाची कसोटी लावायची तर हेही मोजावं लागतं.

अभ्यास कुठवर आला आहे? रा. के. लेले यांचा ‘मराठी वृत्तपत्रांचा इतिहास’ हाताशी आहे, मनोहर कदम यांनी लोखंडे यांचं चरित्र उभं केलं. पत्र कोणी काढलं, कधी बंद पडलं, कोणावर खटला झाला, हे आपल्याला बरंच माहीत आहे. वाक्यं वाचकावर काम कशी करतात याचा अभ्यास त्या मानाने तुटपुंजा. साहित्याचे प्राध्यापक कविता-कादंबरीकडे गेले, इतिहासकारांनी मजकूर साधन म्हणून वापरला. अर्ज आणि पत्रक दोघांच्या मधल्या फटीत पडलं.

लालबागचा अध्याय त्या फटीतच आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. त्या संपाची पत्रकं रद्दीत गेली, त्याच्या आठवणी राहिल्या. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ साली गिरणगावच्या शंभर आवाजांचं पुस्तक केलं. तिथे लेखिका बोलत नाहीत, माणसं बोलतात, असं वाटतं. पण शंभर आवाज कोणते आणि कोणापुढे कोण, ही निवड त्यांचीच. तोच त्यांचा युक्तिवाद आहे, आणि गिरणगाव ‘संपलं’ असं परस्पर जाहीर करणाऱ्यांना तो चांगला नडतो.

तेवढ्यात गिरण्यांच्या जमिनीचा निकाल मन वळवण्याचा आवही न आणणाऱ्या गद्याने लागला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम गिरणीची जमीन ढोबळमानाने तीन वाट्यांत विभागत होता: महापालिकेच्या मोकळ्या जागांना, म्हाडाच्या घरांना आणि मालकाला. २००१ साली दुरुस्ती झाली आणि ही वाटणी मूळच्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरणी पाडून मोकळी होणारी जमीन तिच्यातून सुटली. लोकांसाठीचे दोन वाटे आक्रसले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयात ही दुरुस्ती टिकली. नाक्यावर फळा लागला नाही, मथळा झाला नाही. या मजकुराचे वाचक वास्तुविशारद आणि वकील होते, आणि त्यांनी तो नीट वाचला.

आज परळ-गिरगावच्या चाळींत जे सर्वांत जास्त वाचलं जातं ते पुनर्विकासाचं साहित्य. गुळगुळीत कागद. पहिल्या पानावर ‘आपल्या हक्काचं घर’, गणपतीची आरास किंवा दहीहंडी, गॅलरीत हसणारे आजी-आजोबा. मग टॉवरचं चित्र, त्यात मुंबईत कधी दिसत नाही एवढी हिरवळ. मग क्षेत्रफळ, भाडं, एकरकमी कॉर्पस. भावना, पत आणि आकडे, तिन्ही वाटा रांगेने. आरंभ-शेवटाची खूण लावून पाहावी: सुरुवात आठवणींनी होते, शेवट संमतिपत्राच्या नमुन्याने. मधे ताबा कधी, आणि ठरलेल्या वेळी न मिळाल्यास काय, हे किती ठिकाणी येतं ते मोजावं. चाळीच्या सभेत पहिल्या मजल्यावरच्या काकू नेमका हाच प्रश्न विचारतात. ‘ते करारात येईल’ असं उत्तर मिळतं. उत्तर खरं असतं. पुस्तिकेचा वाचक भाडेकरू, कराराचा वाचक न्यायालय, म्हणून दोन्हींची भाषा वेगळी.

२०१६ च्या रेरा कायद्याने बाराव्या कलमात मीमांसकांना उलटं केलं आहे. जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून आगाऊ रक्कम भरली आणि नुकसान झालं, तर विकासकाला भरपाई द्यावी लागते. म्हणजे अर्थवादालाच बंधन. पण कलमाची भाषा आगाऊ रक्कम किंवा अनामत भरणाऱ्याबद्दल बोलते. वरच्या मजल्यांवर विकत घेणारा त्यात बसतो. पागडीच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्याने विकासकाला पैसे दिलेले नसतात, सही दिलेली असते. त्याच्या घरातली तीच रंगीत पुस्तिका अर्थवादच राहते, आणि काकूंना हवी असलेली तारीख त्यांना करारातच लिहून घ्यावी लागते, संमतिपत्रावर सही करायच्या आधी.